बाबासाहेब आणि संस्कृत

माधवनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कराड ओलांडल्यावर, मसूर हे छोटे स्थानक लागते. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघालेला बाल भीमराव भावंडांसह तेथे उतरला. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. प्रवासात पिण्यास पाणीही मिळाले नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात तोच अनुभव आला. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही तेथील शिक्षकाच्या हटवादापायी त्यांना फारसी घ्यावी लागली.

पाण्यावर पहारा आणि देववाणीवरही पहारा! हे कृत्य कोणा परकीयाचे नव्हते, आपल्याच समाजाचे होते.

या अपमानानंतर बाबासाहेबांनी संस्कृतचा द्वेष केला असता तर नवल नव्हते. त्यांनी मात्र स्वप्रयत्नाने, पंडितांचे साहाय्य घेऊन, ती भाषा अभ्यासली. १९२७ साली महाडला मनुस्मृतीचे दहन करणाऱ्या याच पुरुषाने १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात ऋग्वेदातील पुरावे तपासून आर्यांच्या आक्रमणाचा पाश्चात्त्य सिद्धान्त फेटाळला. ग्रंथाच्या नावाने लादलेली विषमता आणि ग्रंथाची भाषा यांतील भेद त्यांना स्वच्छ दिसत होता.

सप्टेंबर १९४९ मध्ये राजभाषेचा वाद शिगेला पोहोचला असता, संस्कृतला संघराज्याची राजभाषा करावी या दुरुस्तीच्या पुरस्कर्त्यांत विधिमंत्री डॉ. आंबेडकर होते. बंगालचे पं. लक्ष्मीकांत मैत्र, डॉ. बाळकृष्ण केसकर आणि नझिरुद्दीन अहमद हेही त्यांत होते. संस्कृत कोणा एका प्रांताची नाही, म्हणून तिच्यामुळे कोणावर अन्याय होणार नाही, असा मैत्र यांचा युक्तिवाद होता. दुरुस्ती मान्य झाली नाही. तरी आठव्या अनुसूचीत संस्कृतला स्थान मिळाले, आणि हिंदीची शब्दसंपदा मुख्यतः संस्कृतातून घ्यावी असे ३५१ व्या अनुच्छेदाने सांगितले.

१९४९ चा हा प्रसंग आपल्या व्याख्यानांतून अभिमानाने सांगितला जातो. मसूरचे स्थानक आणि एल्फिन्स्टनचा वर्ग मात्र सोयीस्करपणे गाळला जातो. असे अर्धे बाबासाहेब सांगण्याचा आपणांस अधिकार नाही. सांगली-साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील संस्कृत वर्गाची हजेरी एकदा पाहावी: वर्ग कोणत्या आळीत भरतो, आणि ज्या वस्तीतील मुलांना शतकापूर्वी उठवून लावले होते, तेथून आज किती जण येतात? येत नसतील तर पुढचा वर्ग त्या वस्तीत भरवावा.