दप्तरात नाही, म्हणून भरपाईतही नाही

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीचे आपल्या भागाचे बरेचसे कागद ठाण्याच्या कचेऱ्यांत राहिले, आणि त्याहून जुने मुंबईला, १८२१ साली सुरू झालेल्या सरकारी दप्तरखान्यात, म्हणजे आजच्या पुराभिलेखागारात. आपला इतिहास शहरात जपलेला आहे, ही चांगलीच गोष्ट. पण तो कोणी, कशासाठी लिहिला?

सरकारने सारा वसूल करण्यासाठी आणि बंदोबस्तासाठी. त्यामुळे सारा भरणारा खातेदार त्यात आहे, पोलिसांना ज्याची भीती वाटली तो पुढारी आहे. भात लावणारी, मोळी विकणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारी बाई नाही. असलीच तर अमक्याची बायको म्हणून.

लग्नगडीचेच पाहा. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलेला वारली त्याच्याकडे वेठीला बांधला जाई. कर्ज नवऱ्याच्या नावावर, राबायची मात्र दोघे. १९३०च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने आदिवासी भागाचा अहवाल लिहिला. कुळांच्या बायकांवर जमीनदार हात टाकतात हे त्यात नमूद आहे. म्हणजे सरकारला माहीत होते! पण त्या बायका काय म्हणाल्या, हे विचारावे असे कोणाला वाटले नाही. १९४५च्या वारली उठावाची हकिगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली, म्हणून ती आपल्याला माणसांच्या बाजूने कळते. नाहीतर पोलिसांचा कागदच उरला असता.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. पाचबत्तीवर दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते, आणि ती दिलीच पाहिजे. पण त्या घरांतल्या आयांनी, बायकांनी पुढची वर्षे कशी काढली, हे लिहून ठेवणे कोणाचे काम होते?

कोणी म्हणेल, झाले गेले, आता कशाला उकरता? मैत्रिणींनो, हा जुन्या आठवणींचा हौशी खेळ नाही. यात पोटाचा प्रश्न आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. अशा वेळी सरकार सातबारा पाहते. सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे. खाडीत शिंपल्या वेचणे, बोंबील वाळवणे, बाजारात बसणे या कामांचा सातबारा नसतो. बोईसरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या बाईचीही तीच गत. हजेरीपटावर नाव नसेल, तर दहा वर्षे राबूनही ती तिथे नव्हतीच!

आता वाढवण बंदर आले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६,००० कोटी रुपये. मच्छीमारांचा विरोध आहे, आमचाही आहे. पण भरपाईच्या याद्या होतील तेव्हा बोटी मोजल्या जातील. पाट्या कोण मोजणार?

म्हणून आपले दप्तर आपणच उभारायला हवे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, धवलेरी लग्न लावते आणि गाणी म्हणते. आपल्याकडे बायकांनी इतिहास जपला तो असा, हाताने आणि तोंडाने. मुंबईत १९८८ साली ‘स्पॅरो’ने स्त्रियांच्या आवाजांचे आणि छायाचित्रांचे संग्रहालय सुरू केले. पालघर-बोईसरच्या गटांनी एवढे तरी करावे:

१. प्रत्येक गावात म्हाताऱ्या बायकांशी बोलून, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच बोलीत नोंद ठेवावी. कोणते काम, किती वर्षे, कुठे, हे त्यात यावे.

२. मोर्चांची पत्रके, सभांची इतिवृत्ते, अर्जांच्या पोच रद्दीत घालू नयेत. आपल्या संघटनांचे कागद आपणच वाळवीला दिले आहेत, हेही कबूल करू या.

३. जिल्ह्याचे जुने कागद पालघरमध्येच, मराठीतल्या यादीसह पाहायला मिळावेत, अशी मागणी करावी. मुंबईला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते.

बाईचे काम कागदावर आले की ते नाकारणे कठीण जाते. पुढच्या यादीच्या आधी आपली वही तयार हवी.