पान आमचं, नाव मात्र कंपनीचं

तंबाखूची पारख मला फारशी नाही, पानाची आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, आमच्या कोंढ्याच्या आसपासच्या जंगलपट्ट्यात, तेंदूच्या फळीवर, म्हणजे तोडलेलं पान मोजून घ्यायच्या जागी, मुन्शी म्हणून मी कित्येक उन्हाळे काढले. पुडा हातात आला की बोटांनाच कळायचं, पान कोवळं तोडलंय की जून, दवातलं आहे की दुपारचं, मधली शीर जाड आहे की बारीक. त्यामुळे दिवाळीत नागपूरहून आलेल्या भाच्याने काळ्या पानाचा सिगार पुढे केला, तेव्हा मी तो आधी ओढला नाही, उलटसुलट करून पाहिला.

“मामाजी, ओढून त पहा. स्वस्तातला आहे,” तो म्हणाला. स्वस्तातला म्हणजे साडेतीनशे रुपयांचा. तेवढ्यात बिडीचे डझनभर कट्टे येतात. असो.

पान काळपट तपकिरी, थोडं तेलकट, शिरा ठसठशीत. शेवटचा वळसा एका जागी जरा सैल होता. आमच्याकडच्या बिडी कारखान्यात अशी बिडी छाटमध्ये, म्हणजे नापास मालात, गेली असती आणि वळणाऱ्या बाईचे पैसे कापले असते. टोक कापलं, काडी लावली. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात खेळवून सोडायचा असतो, हे भाच्याने बजावलं होतं. पहिले झुरके नुसते तिखट, मिरीसारखे नाकात चढणारे. बोटभर जळाल्यावर चव पालटली. मोहाची फुलं तव्यावर भाजताना जो गोडूस-करपट वास घरभर सुटतो, तोच वास जिभेवर उतरला, मागे थोडा काळ्या कॉफीचा कडूपणा. राख पांढुरकी, चांगली नखभर टिकणारी. शेवटी शेवटी मात्र तो तापला, कडवट झाला आणि मी विझवला. घरच्यांनी मला आधीच अंगणात बसवलं होतं. माझा निकाल असा: साडेतीनशे रुपये जास्तच आहेत, पण मधला भाग खरोखर चांगला. आणि ही चव बरीचशी त्या वरच्या पानाची.

ते पान काळं होतं कसं, हे मी भाच्याकडून समजून घेतलं. तंबाखूच्या झाडाची वरची, जाड, उन्हात पक्व झालेली पानं निवडतात. ती वाळवून त्यांचे मोठे ढीग रचतात. ढिगात ओल आणि दाबामुळे आपोआप उष्णता चढते, पानं आंबतात. फार तापायच्या आत ढीग मोडून पुन्हा रचतात, आणि असं महिनोन्‌महिने चालतं. रंग गडद होतो, तिखटपणा उतरतो, गोडवा वर येतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्याचं आणि मेक्सिकोतल्या सान आंद्रेसचं पान या कामासाठी नावाजलेलं. स्वस्त सिगारातही आतला तंबाखू मिसळीचा असेल, पण वरचं पान कुठल्या मुलखातलं, हे विकणारा आवर्जून सांगतो. आपल्याकडे तमिळनाडूत तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल चिरुटांसाठी प्रसिद्ध. १८८७ सालच्या पहिल्याच शेरलॉक होम्स कादंबरीत तो गुप्तहेर राख पाहून चिरूट त्रिचनापल्लीचा आहे हे ओळखतो. त्रिचनापल्ली म्हणजेच तिरुचिरापल्ली. म्हणजे गावाचं नाव राखेपर्यंत पोहोचलं होतं.

आता आमची बिडी घ्या. तिचं पान कुठलं?

कट्ट्यावर मालकाचा फोटो असतो, देवाचं किंवा प्राण्याचं चित्र असतं, कर्करोगाचा इशारा असतो. पानाचा पत्ता नसतो. खरं तर बिडीत चिमूटभर जर्दा, बाकी सगळं पानच. ती धीमी जळते की भुरकन पेटते, ओठाला चिकटते की नाही, मध्येच विझते का, हे सगळं पान ठरवतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचं तेंदूपान पातळ, लवचीक आणि बारीक शिरेचं म्हणून व्यापारी ते दूरदूरवर नेतात. तिथे ते नुसतं ‘पत्ता’ होतं.

हे पान तयार करायला काय लागतं, ते सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं छाटतात, त्याला आम्ही खुटकटाई म्हणतो. छाटल्यावर तांबूस कोवळी पालवी फुटते. ती हिरवी होऊन हाताला चामड्यासारखी लागली की तोडणी सुरू, साधारण एप्रिलअखेर ते मे. पहाटे चारला बाया निघतात, उन्हं चढायच्या आत परततात. दुपारी अख्खं घर पुडे बांधायला बसतं, म्हातारी आणि शाळकरी पोरंसुद्धा. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७० हजार पानं. मजुरी शेकड्यावर, म्हणजे शंभर पुड्यांमागे. संध्याकाळी फळीवर मोजणी, मग पुडे रांगेत मांडून उन्हात वाळवायचे, उलटायचे आणि भरण्याआधी पाणी शिंपडून मऊ करायचे, नाहीतर पान तुटतं. मधेच अवकाळी पाऊस आला तर फळीच्या फळी काळी पडते. त्या काळ्या रंगाला कोणी साडेतीनशे रुपये देत नाही.

भाच्याने दोन सिगार आणले होते. दुसरा मी ट्रंकेत ठेवला आणि मे महिन्यात काढला. पान उलून गेलं होतं. परदेशी पानाला दमट लाकडी पेटी लागते, ती आमच्या उन्हाळ्यात कुठून आणायची? तेंदू मात्र त्याच उन्हात वाळतो आणि पाण्याच्या एका शिडकाव्याने पुन्हा वळतो.

आणि तोडणीला जाणाऱ्या बाईच्या वाटेतला वाघ? १० मे २०२५ रोजी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपान तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. इकडे पवनीलाही उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य लागून आहे. मे उजाडला की आमच्याकडच्या घराघरांत तीच धास्ती असते.

बिडीच्या व्यवसायातून पैसा निघाला नाही असं नाही. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत आमच्याच भंडारा जिल्ह्यात होता. तिथले बिडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी या मुलखात शाळा-कॉलेजं उभी केली, हे मान्यच करावं लागेल. पण मजुराच्या बाजूने बोलणारा माणूस त्याआधीच झाला होता. ‘जय भीम’ या अभिवादनाचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या कामठीच्या बाबू हरदासांनी (१९०४-१९३९) बिडी मजुरांना संघटित केलं. पुढे १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा आला, १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधी आला. हे सगळं बिडी वळणाऱ्या हातांसाठी, आणि ते हवंच होतं. पान तोडणारी बाई मात्र त्यात कुठेच नव्हती. तेंदूपान १९६९ च्या राज्य कायद्याने सरकारच्या ताब्यात आलं, जंगलाच्या तुकड्यांचे, म्हणजे युनिटांचे, लिलाव सुरू झाले, बाईचा हिशेब पुड्यांवर राहिला. कल्याण निधीचा उपकरही २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलं की सिगार, चिरूट, सिगारेटवर ४० टक्के कर, बिडीवर २८ ऐवजी १८ आणि तेंदूपानावर १८ ऐवजी ५. बिडीला सवलत देताना दरवेळी गरीब मजुराचं नाव पुढे केलं जातं. मग त्या सवलतीतला वाटा मजुरापर्यंत गेला का, हे विचारायला नको? ठेकेदार म्हणेल, पानावरचा कर पुढे वजा होतच होता, आम्हाला त्यात काय मिळालं. ठीक, धरून चालू. पण बिडीवरचे दहा टक्के? ते कोणाच्या खिशात थांबले, याचा हिशेब मागायला फार मोठा अर्थशास्त्री लागत नाही.

कोणी म्हणेल, बिडी मरू द्या, ती विषच आहे. आहेच. सिगारही विष आहे. धूर छातीत न घेतल्याने तोंडाचा कर्करोग टळत नाही, आणि बिडी तर वारंवार विझते म्हणून माणूस जोराने आणि जास्त ओढतो. आमच्या पोरांनी बिडी सोडली ती तंबाखू-सुपारीचा खर्रा धरायला, याचा मला काडीचा आनंद नाही. ज्याला सोडता येते त्याने आजच सोडावी. पण जोवर कट्टा कायद्याने विकला जातो आणि सरकार त्यावर कर घेतं, तोवर पान तोडणाऱ्या बाईला बिनानावाची ठेवायला ‘विष’ ही सबब पुरत नाही.

माझ्या मागण्या दोनच. प्रत्येक कट्ट्यावर पान कुठल्या जिल्ह्यातलं आणि कुठल्या युनिटचं, ते छापलं जावं. आणि युनिटच्या लिलावात कर घटल्याच्या प्रमाणात शेकड्याचा किमान दर वाढवून बांधून द्यावा, तो दर फळीवर पाटी लावून मराठीत लिहावा. वन खात्याने खुटकटाई सुरू व्हायच्या आत लिलावाच्या अटींत ही दोन कलमं घालावीत, आणि आमच्या आमदार-खासदारांनी ती घातली गेली की नाही हे सभागृहात विचारावं.