पत्र्याच्या खोलीतली थंडी

गेल्या पौषातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास दाराची कडी वाजली. दारात ओळखीचा एक द्राक्ष बागायतदार उभा. "डॉक्टरसाहेब, लवकर चला. आबा हाका मारल्या तरी उठत नाहीत. आईला सारख्या उलट्या होतायत."

बॅग घेऊन तसाच निघालो. घर चांगले स्लॅबचे. त्याला लागून दोन वर्षांपूर्वी वाढवलेली पत्र्याची खोली, आईवडिलांसाठी. दार-खिडकी बंद, फटींत गोणपाट कोंबलेले आणि खाटेजवळ घमेल्यात कोळशाचे निखारे. आधी दार-खिडकी सताड उघडली, दोघांना उचलून ओट्यावर आणले आणि १०८ ला फोन करायला लावला. रुग्णालयात प्राणवायू मिळाला. दोघेही वाचले. आणखी तासभर कोणी उठले नसते, तर आज हा मजकूर वेगळा झाला असता.

मुलगा रडत म्हणाला, "खोली फार गार पडते हो, म्हणून मीच शेगडी ठेवली." त्याची माया खरी होती. पण बंद खोलीतला निखारा माया जाणत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला ना रंग, ना वास. निखाऱ्याला धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत साफ चुकीची. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. एका खोलीतल्या सगळ्यांना एकदमच असा त्रास होऊ लागला, तर पित्त समजू नका. आधी उघड्या हवेत या. बाळंतिणीच्या बंद खोलीतल्या शेगडीलाही हेच लागू.

पण माझे म्हणणे शेगडीपाशी संपत नाही. ती खोली एवढी गार का, हा खरा प्रश्न आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाडकडे काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली गेला आहे. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्याखालून थेंब टपकतात ते त्यामुळेच. शिवाय तीन भिंती उघड्यावर, त्याही चार इंची, आणि भिंत व पत्रा यांच्यामध्ये वाऱ्याला मोकळी वाट! जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड प्रदेशांतील घरांसाठी किमान १८ अंश तापमान सुचवले. वृद्धांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, दमा उसळतो. म्हाताऱ्या शरीराला थंडीची जाणीवही उशिरा होते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून प्लायवूडचे किंवा बांबूच्या चटईचे छत करून घ्या; मधली कोंडलेली हवा गोधडीचे काम करते. पत्रा आणि भिंत यांतली फट गवंड्याकडून बुजवा, पण हवेसाठी एक झरोका राहू द्या. खाट बाहेरच्या भिंतीपासून दूर सरकवा. अंगावर दोन गोधड्या असतील तर अंगाखालीही दोन हव्यात. कानटोपी, पायमोजे रात्रीही असू द्यात. दुपारी ऊन आत येऊ द्या आणि सूर्य कलताच खिडकी लावा.

विजेचा हीटर घ्यायचा तर आधी वायरमनला बोलवा. वाढीव खोलीत बहुधा घरातूनच बारीक वायर ओढलेली असते. २००० वॅटच्या हीटरला जाड वायर, मोठा सॉकेट आणि अर्थिंग हवेच. पांघरूण त्यापासून चार हात लांब ठेवा. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळूनच द्या. मधुमेह्यांच्या बधिर पायांना भाजलेले कळत नाही.

आणि हे काहीच जमणार नसेल, तर थंडीचे दोन महिने आईवडिलांची खाट आतल्या खोलीत आणा. टीव्ही आणि सोफा पत्र्याखाली गेल्याने आजारी पडत नाहीत.

थंडीची लाट आली की आमचे बागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. करावेच, वर्षाचे पीक आहे. पण बागेकडे जाता जाता पाच मिनिटे त्या पत्र्याच्या खोलीत खाटेवर बसून पाहा. तुमचा हात शालीकडे गेला, तर गवंड्याला त्याच दिवशी निरोप धाडा.