फवारणीची वही आणि प्रयोगशाळेची यादी

१९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी सोसायट्यांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था उभी केली. राज्याचे कृषी पणन मंडळ, कृषी निर्यातीला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था अपेडा आणि राष्ट्रीय सहकार विकास निगम पाठीशी होते. हा इतिहास सांगताना आपण बहुधा परदेशी बाजारपेठेबद्दल बोलतो. खरे काम मात्र गावात झाले. तोडलेला घड पुढे पिकत नाही, तो फक्त सुकतो. काही तासांत प्रीकूलिंग झाले नाही तर देठ तपकिरी पडतो आणि न्हावा-शेव्याहून युरोपपर्यंतच्या प्रवासात तो माल टिकत नाही. दोन-तीन एकरांच्या बागायतदाराला स्वतःचे शीतगृह परवडणारे नव्हते. सोसायटीने ते बांधले, पॅकिंगचे साहित्य आणले, प्रतवारी शिकवली. सुरुवातीच्या हंगामांत माल नाकारला गेला, काही सोसायट्या गळाल्या. ज्या टिकल्या त्यांनी महाराष्ट्राच्या द्राक्षाला नाव मिळवून दिले.

आमच्या मते या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान २०१० चे आहे. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपले लिहोसिन, मर्यादेपेक्षा जास्त सापडले. कंटेनर अडकले, भाव कोसळले, कितीतरी घरे कर्जात गेली. २००६ पासून निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी अपेडाची ग्रेपनेट प्रणाली सुरू होती. बागांची नोंदणी होती, नमुने तपासले जात होते, दाखले मिळत होते. तरीही हे कसे घडले? तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. शिवाय अनेक कीडनाशकांचे अंश एकाच वेळी शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते सापडत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते.

आणि लिहोसिन काही गुपित नव्हते. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घड चांगला धरावा म्हणून ते मारले जाई. दुकानदाराला माहीत, सल्लागाराला माहीत, प्रत्येक बागेतल्या मजुरालाही माहीत. बागेत जे सर्वांना ठाऊक होते ते प्रयोगशाळेच्या यादीपर्यंत पोचले नाही. हे अंतर बुजवायला बागायतदारांच्या संघटनेइतके योग्य कोणी नाही, कारण तिचे सभासद बागेत असतात आणि तिचे प्रतिनिधी अपेडाच्या बैठकीत बसतात. त्या वर्षी हा दुवा तुटला, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा यात दोष फार थोडा होता.

पुढे लिहोसिन यादीत आले. पण बागेत नवे काही येणे थांबलेले नाही. संजीवके, ‘टॉनिक’, जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या दर हंगामाला येतात. त्यांतल्या काहींच्या लेबलवर घटक धड लिहिलेले नसतात. आज बराचसा माल खासगी निर्यातदारांमार्फत जातो आणि फवारणीच्या वह्या त्यांच्या पॅकहाउसमध्ये विखुरलेल्या राहतात. त्या एकत्र वाचणारे कोणी नाही.

म्हणून आमची मागणी थेट आहे. खरड छाटणीपासूनच्या फवारणीच्या नोंदी प्रत्येक सोसायटीने गोड छाटणीपूर्वी संघटनेकडे द्याव्यात. बागायतदाराचे नाव त्यावर नसले तरी चालेल, उत्पादनाचे नाव, मात्रा आणि तारीख हवी. संघटनेने त्यांचा गोषवारा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रापुढे आणि अपेडापुढे ठेवावा, म्हणजे नमुने काढायला सुरुवात होण्याआधी यादी दुरुस्त होईल. सोसायट्यांच्या सचिवांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा.