शेवटची मोटारसायकल

बुलढाणा जिल्ह्यात कोण कुठला हे विचारले, तर उत्तर ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’ असे येते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. थंडी दोन्हीकडे पडते. पण जानेवारीच्या पहाटे घाटावरचा वारा अंगाला निराळाच झोंबतो. नेमक्या याच दिवसांत तरुणांचे मोटारसायकल क्लब सामूहिक सफरींना निघतात. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाकडे दुचाकींची रीघ लागते. एरवीच्या रविवारी लोणारचे विवर ठरलेले. बुलढाण्याहून चिखली, मेहकरमार्गे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे.

आपल्या घरांतील मुलेही आता त्यांत असतात. आई दारात उभी राहून ‘सांभाळून जा, जोरात चालवू नकोस’ एवढे सांगते. वडील काही न बोलता पेढीवर जाऊन बसतात आणि दिवसभर फोनकडे पाहत राहतात. ही काळजी रास्तच आहे. २०२२ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. तरीही आईच्या त्या सूचनेपेक्षा एक प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, असे मला वाटते : तुमच्या ताफ्यात सर्वांत शेवटी कोण असतो?

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पंधरा गाड्यांच्या रांगेत पहिला स्वार ताशी ६० च्या वेगाने चालला आहे असे समजा. गतिरोधक आला, तो हळू झाला आणि ओलांडून पुन्हा ६० वर गेला. त्या वेळी शेवटचा अजून गतिरोधकापाशी पोचायचा असतो. मध्ये पडलेले अंतर भरून काढण्यासाठी त्याला ७५-८० चा वेग घ्यावा लागतो. पुढचा जितका संथ दिसतो, तितकाच मागचा जिवावर उदार होऊन धावत असतो. आणि संकोचाने मागे राहणारा तो बहुधा नवशिकाच असतो! म्हणून जाणते क्लब नव्याला दुसऱ्या क्रमांकावर, म्होरक्याच्या पाठीशी ठेवतात आणि सर्वांत मागे सर्वांत अनुभवी स्वार देतात. पंक्चरचे सामान आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे असते. पेढीवर नवा मुलगा आला की त्याला गादीजवळ बसवण्याची आपली रीत हीच नव्हे काय?

रांगेतही एकामागे एक सरळ न चालता एक डावीकडून, दुसरा उजवीकडून असे तिरपे चालतात. थेट पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर सोडतात. आणखी एक नियम मला फार आवडला. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याकडे लक्ष ठेवायचे. तो दिसेनासा झाला की आपण हळू व्हायचे. मग आपल्या पुढचा हळू होतो, त्याच्या पुढचा होतो, आणि हाक न मारता निरोप म्होरक्यापर्यंत पोचतो.

थंडीत या शिस्तीची खरी परीक्षा होते. हवेचे तापमान १० अंश असले, तरी ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ते सुमारे ५ अंशांसारखे भासते. बोटे बधिर होतात, ब्रेक दाबायला क्षणभर अधिक लागतो. आणि या वेगात एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. टायर गार असताना पकडही कमी. हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ धरते. अशा वेळी दर ३०-४० किलोमीटरला थांबून हात चोळणे हा नाजूकपणा नव्हे. चामड्याचे जॅकेट आपल्या घरांत येणार नाही, ठीकच. कोपर, खांदा आणि पाठीला संरक्षक पट्ट्या असलेली जाड कापडी जॅकेटे आणि हातमोजे मिळतात, ते घ्यावेत. मफलरचे टोक मात्र आत खोचलेले हवे. मोकळे सुटलेले टोक साखळीत सापडले तर अनर्थ होतो.

पहाटे पाचला निघण्याचा हट्ट मला कधीच कळला नाही. या दिवसांत सूर्य उगवतो सातच्या सुमारास. म्हणजे पहिले दोन तास काळोख आणि धुके. नवकारशी पाळणारा तरुण तर त्यात रिकाम्या पोटी गारठतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी घरी गरम नाश्ता करून निघाले, तरी लोणार दुपारच्या आत गाठता येते.

आता जरा आपल्याविषयी. समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा आणि मेहकरजवळून जातो. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे ही मुले जुन्याच रस्त्यांवर असतात आणि याच हंगामात त्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या असतात. कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेला आणि मागे लाल दिवा नाही. धुक्यात स्वाराला ती ट्रॉली दिसते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ही ट्रॉली चालली आहे कुठे? आपल्याच जिनिंगकडे, आपल्याच आडतीवर. रिकामी होऊन ती परत निघताना मागे परावर्तक पट्टी चिकटवून देण्यास कितीसा खर्च येणार? काट्यावर वजन करताना आपण कापसातला ओलावा तपासतोच. तेवढ्यात ट्रॉलीची मागची बाजूही पाहता येईल. मुलाला हेल्मेट घेऊन देणाऱ्या पित्याने हेही करावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

हेल्मेटविषयी एवढेच, की मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने सक्तीचे आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना हेल्मेट विकणे बेकायदा आहे. रस्त्याकडेला मांडलेली स्वस्त टोपली घेऊ नये.

लोणारच्या काठावर पोचल्यावर खाली जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर आणि खारे पाणी दिसते. चांगल्या क्लबात मात्र त्याकडे लगेच कोणी पाहत नाही. म्होरक्या गाडी उभी करतो, हातमोजे काढतो आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून गाड्या मोजू लागतो. चौदा. मग सगळे गप्प उभे राहतात. वळणापलीकडून पंधराव्या गाडीचा आवाज येईपर्यंत चहा सांगितला जात नाही.