बारी घाटाआधीच ठरते

जुन्नर-आंबेगावात चैत्रातल्या यात्रा आल्या, की घाटाघाटांतून ‘भिर्रर्र’ची आरोळी उठते. दांडगे बैल असले की नंबर ठरलेला, असे लहानपणी मलाही वाटे. पुढे उमगले, की काही सेकंदांच्या बारीमागे वर्षभराचा अभ्यास असतो : चौघा बैलांची जुळणी, पुढे कोण, मागे कोण, खुराक, सराव, विश्रांती.

आणि नियम! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. २०२१च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली. २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता पशुवैद्यकाचा दाखला हवा, काठी-चाबूक वर्ज्य. गाडामालकांनो, माराशिवाय पळतो तोच तयारीचा बैल. नियम मोडून घेतलेला एक नंबर साऱ्यांचाच घाट पुन्हा बंद पाडू शकतो.