कुमारांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे?

सप्टेंबर २०२१. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीच्या शालेय मंडळाची सभा. एक माता उभी राहिली आणि शालेय ग्रंथालयांत ठेवलेल्या दोन पुस्तकांतील उतारे वाचू लागली. सभागृहात मुले आहेत, असे सांगून तिला मध्येच अडविण्यात आले! जे सभेत वाचणे अशोभनीय, ते ग्रंथालयात मात्र शोभनीय. ही पुस्तके वरच्या वर्गांसाठीच आहेत, हा खुलासाही तत्परतेने झाला. परंतु वरच्या वर्गातील चौदा वर्षांचा मुलगा प्रौढ कधीपासून झाला?

जोनाथन एव्हिसन यांची ‘लॉन बॉय’ ही कादंबरी आणि माइया कोबाबे यांचे ‘जेंडर क्विअर’ हे सचित्र आत्मकथन, ही ती दोन पुस्तके. दोन्हींना अमेरिकन ग्रंथालय संघटनेचा ‘अ‍ॅलेक्स’ पुरस्कार लाभलेला. हा पुरस्कार मुळात प्रौढांसाठी लिहिलेल्या, परंतु १२ ते १८ वयोगटाला रुचतील अशा पुस्तकांना दिला जातो. प्रौढांचे साहित्य कुमारांच्या हाती जाण्याचा राजमार्गच जणू!

पुस्तके काढली गेली, समित्या नेमल्या गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये ती सन्मानाने कपाटात परतली. समित्यांत काही पालक होते, हे खरे. परंतु समिती ‘विद्यार्थी’ जाणते. अमुक एक मूल जाणत नाही. त्याचे मन कितपत पक्व झाले आहे, हे त्याची आई जाणते. त्याच वर्षी राज्यपालपदाचे उमेदवार टेरी मॅकऑलिफ यांनी, शाळांनी काय शिकवावे हे पालकांनी सांगू नये, अशा आशयाचे विधान जाहीर चर्चेत केले. निवडणुकीत ते पराभूत झाले. त्या पराभवाची कारणे अनेक असतील. पण पालकांचा रोष त्यांत निश्चितच होता.

येथे तथाकथित पुरोगामी मंडळी लगेच ‘द्वेष’ हा शब्द फेकतील. त्यांनी इतिहास पाहावा. जॉन डोनोव्हन यांनी १९६९ मध्ये दोन मुलांमधील आकर्षणाचा विषय कुमार कादंबरीत संयमाने हाताळला होता. म्हणजे प्रश्न विषयाचा नाही, मर्यादेचा आहे. व्यथा सांगणे वेगळे आणि शय्यागृहाचे दार उघडणे वेगळे.

हिंदू समाजाने अशा व्यक्तींचे अस्तित्व कधी नाकारले नाही. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’चा उल्लेख आहे. सरसंघचालक मोहनजी भागवत यांनीही जानेवारी २०२३ मधील मुलाखतीत, हे लोक पूर्वापार समाजात आहेत व त्यांना सन्मानाने जगण्याचा अधिकार आहे, असे स्पष्ट केले. माणसाचा स्वीकार करण्यासाठी त्याच्या कामजीवनाचे सचित्र वर्णन शालेय कपाटात ठेवावे लागते, हा सिद्धांत मात्र पाश्चात्त्य बाजारपेठेचा आहे.

हे वारे आपल्या दारीही पोहोचले आहे. हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ ही इंग्रजी कुमार कादंबरी २०१४ मध्ये भारतात प्रसिद्ध झाली. मुलींकडे ओढली जाणारी एक शाळकरी मुलगी, सवंगड्यांचा छळ आणि तिचा आत्महत्येचा प्रयत्न, हा तिचा विषय. मुलगी मरणाच्या दारी जाते आणि घराला पत्ता नसतो, हे वाचून ज्याचे काळीज हलत नाही, त्याने संस्कृतीच्या गप्पा मारू नयेत.

म्हणूनच केवळ बंदीची मागणी करणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ज्या घरात मूल तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसते, ते घर त्याला अनोळखी लेखकाच्या दारी स्वतःच धाडते. किल्ली पालकांची आहे, हे ठणकावून सांगावेच. परंतु किल्ली मागणाऱ्याने मुलाशी बोलण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. आईबाप मौन पाळतील, तर बोलणारे दुसरे कोणी तयारच आहेत.